वऱ्हाड दिला, नगर राखलं: चांदबीबी आणि १५९५–९६चा वेढा

फेब्रुवारी १५९६च्या अखेरीला अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्याखाली मोगलांनी खणलेला सुरुंग उडाला आणि सुमारे पन्नास गज तट एकदम खाली आला. आत राजा नव्हता. वजीर दोन महिन्यांपूर्वीच शहर सोडून गेला होता. उरलेल्या सरदारांतले काही जण निसटायची वाट शोधत होते. तेव्हा चिलखत चढवून, तोंडावर पडदा ओढून, हातात नागवी तलवार घेऊन चांदबीबी त्या खिंडारात उभी राहिली.

शाळेच्या पुस्तकातून आपल्याला एवढंच चित्र मिळतं. ते खरं आहे, आणि त्याचं मोल कमी करण्याचं काही कारण नाही. पण त्या एका दुपारच्या मागे अडीच महिन्यांची तयारी होती आणि पुढे तिने जड हाताने केलेला एक तह होता. काय हातचं जाऊ द्यायचं आणि काय जिवापाड धरायचं, हा तिचा हिशोब त्या दोन्हींत दिसतो. खिंडारातल्या शौर्याचं पुढे काय झालं, तेही या हिशोबाशिवाय कळत नाही.

गादीवर कोण?

एप्रिल १५९५मध्ये दुसरा बुऱ्हाण निजामशाह वारला. हा चांदबीबीचा भाऊ. त्याचा मुलगा इब्राहिम गादीवर आला आणि चारेक महिन्यांत विजापूरच्या फौजेशी लढताना मारला गेला. मागे राहिला त्याचा तान्हा मुलगा बहादूर. वजीर मियाँ मंजू याने या बाळाला जुन्नरजवळच्या चावंड किल्ल्यावर अडकवलं आणि निजामशाही वंशातला म्हणून अहमद नावाच्या मुलाला गादीवर बसवलं. तो त्या रक्ताचा नाही असं थोड्याच दिवसांत उघड झालं. इखलासखानाच्या पुढारपणाखालचे हबशी सरदार बिथरले आणि त्यांनी मोती नावाचा आपला वेगळा दावेदार उभा केला. तिसरीकडे अहंगखानाने सत्तरी ओलांडलेल्या शाह अलीला पुढे आणलं. हा पहिल्या बुऱ्हाणाचा मुलगा, म्हणजे वंशाने खरा, पण वयाने थकलेला.

हबशांनी कोंडीत पकडल्यावर मियाँ मंजूने गुजरातेत असलेल्या शहाजादा मुरादला, अकबराच्या मुलाला, मदतीसाठी पत्र पाठवलं. मोगल पोचायच्या आत त्याने हबशांना स्वतःच हरवलं आणि मग त्याला उपरती झाली. पण निघालेली फौज पत्राने परत जात नसते. अकबराची दख्खनवर नजर आधीपासून होती. १५९१मध्येच त्याचे वकील दख्खनच्या दरबारांत मांडलिकी मागायला येऊन गेले होते. मुरादबरोबर अब्दुर्रहीम खानखानान होता, खानदेशचा राजा अलीखान होता. मियाँ मंजूने किल्ला अन्सारखान नावाच्या आपल्या माणसाकडे सोपवला आणि अहमदला घेऊन विजापूरच्या सरहद्दीकडे कूच केलं.

म्हणजे डिसेंबर १५९५मध्ये एका राज्याचे तीन राजे तीन दिशांना होते, चौथा चावंडच्या कोठडीत होता, आणि राजधानीच्या दारात मोगल येऊन ठेपले होते. किल्ल्यात राहिली होती ती चांदबीबी.

हातात काय होतं

ती कुणी पडद्याआडून अचानक बाहेर आलेली बाई नव्हती. तिची आई खुंझा हुमायून हिने नवऱ्यामागे मुर्तझा निजामशाहच्या बालपणी काही वर्षं राज्यकारभार चालवला होता आणि शेवटी मुलाच्याच हुकमाने कैद भोगली होती. चांदबीबी विजापूरच्या अली आदिलशाहला दिलेली. तिच्या लग्नात सोलापूरचा किल्ला आंदण गेला होता. १५८०मध्ये अलीचा खून झाला आणि नऊ वर्षांच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहची पालक म्हणून तिने विजापूर सांभाळलं. किश्वरखान या सरदाराने तिला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैदेत टाकलं; तिथून सुटून ती पुन्हा कारभारात आली. त्याच काळात विजापूरला वेढा पडला, तोही तिने आतून पाहिला. सरदारांचे गट एकमेकांना कसे खातात आणि वेढ्यात माणसं कुठल्या दिवशी खचतात, याची शिकवणी तिला पंधरा वर्षं आधीच मिळाली होती.

दुसरं भांडवल म्हणजे किल्ला. मूळच्या मातीच्या गढीच्या जागी दगडी तट उभारला तो तिच्या वडिलांनी, हुसेन निजामशाहने, १५५९पासून. परीघ मैलाहून थोडा जास्त, गोलसर आकार, २२ बुरूज आणि भोवती रुंद खंदक. डोंगराचा आधार नाही. सपाटीवरच्या किल्ल्याला शत्रू चारही बाजूंनी भिडू शकतो आणि जमिनीखालूनही येऊ शकतो. गोल आकाराचा फायदा एवढाच की शेजारच्या बुरुजांवरून तटाचा पाया माऱ्यात ठेवता येतो आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी माणसं लवकर पोचतात. पुढे खिंडारावर तोफा झटपट आणता आल्या त्या यामुळेच. (शहराबाहेरच्या डोंगरावरची वास्तू 'चांदबीबीचा महाल' म्हणून दाखवली जाते, ती खरं तर दुसऱ्या सलाबतखानाची कबर आहे. चांदबीबीचं खरं ठिकाण हा भुईकोट.)

पहिले तीन निर्णय

अन्सारखान किल्ल्यात होता, पण वजिराचा माणूस म्हणून. त्याचा धनी ज्यांना बोलावून बसला होता तेच बाहेर उभे होते. अशा किल्लेदाराच्या हातात दरवाजाच्या किल्ल्या ठेवून वेढा लढता येत नाही. चांदबीबीने मुहम्मदखानाकरवी त्याला ठार करवलं. निर्णय कठोर होता, आणि तिथे दुसरा रस्ता दिसत नाही. वेढ्यातले कित्येक किल्ले आतून पडतात.

मग तिने बहादूरच्या नावाने द्वाही फिरवली. बाळ चावंडवर होतं. म्हणजे किल्ल्यात राजा नसताना राजाचं नाव लावलं गेलं. यातली समज बारकाईने पाहण्यासारखी आहे. तिन्ही दावेदारांपैकी कुणाचीही बाजू घेतली असती तर उरलेले दोन गट मोगलांना जाऊन मिळाले असते. इब्राहिमचा मुलगा हा सरळ वारस, त्याच्याविषयी कुणाला शंका काढता येत नव्हती, आणि तान्हा असल्यामुळे त्याची कुणाला भीतीही नव्हती. स्वतःला गादी घेण्याचा विचार तिने केलेला दिसत नाही. तिने कारभार घेतला.

तिसरा निर्णय पत्रांचा. तिने सगळ्यांना लिहिलं: अहंगखानाला, विजापूरला, गोवळकोंड्याला. विजापूरच्या फौजेने तिच्या भाच्याला मारून काहीच महिने झाले होते. तरी तिने तिथे हात पसरला, कारण विजापूरचा इब्राहिम तिनेच वाढवलेला मुलगा होता आणि अहमदनगर पडलं की पुढची पाळी कोणाची हे त्यालाही कळत होतं. भाच्याच्या रक्ताचा हिशोब तिने बाजूला ठेवला. हे तलवार उपसण्याहून सोपं नाही.

मोगलांच्या छावणीत काय बिघडलं

मुरादने हश्त बिहिश्त बागेकडे तळ दिला. रयतेला अभय असल्याची दवंडी पिटली, बुऱ्हाणाबादच्या वस्तीवर पहारे बसवले. सुरुवात चांगली होती. चारच दिवसांत शहाबाजखान कंबो या सरदाराने वस्ती लुटली. शियांच्या बारा इमामांच्या लंगरखान्यालाही सोडलं नाही. पहाऱ्यावर विसंबलेले लोक रातोरात गाव सोडून गेले. वेढा घालणाऱ्याला बाजार लागतो, वैरण लागते, मजूर लागतात, बातम्या लागतात. ते सगळं त्या लुटीबरोबर गेलं. पुढे मोगल छावणीत जी टंचाई झाली तिचं बी इथे पडलं.

दुसरा बिघाड वरचा होता. मुराद आणि खानखानान यांचं पटत नव्हतं. किल्ला कोणाच्या नावावर पडणार हा प्रश्न किल्ल्यापेक्षा मोठा झाला होता. राजा अलीखान मोगलांबरोबर होता खरा, पण दख्खनचा शेजारी म्हणून त्याचं मन कुठे होतं याची शंका मोगलांनाही होती.

तरी मोगलांचे घाव बसत होते. इखलासखान दौलताबादेकडून आला, त्याला खानखानानच्या दौलतखान लोदीने गोदावरीवर मोडलं आणि पैठण लुटलं. चांदबीबीच्या बोलावण्यावरून अहंगखान आणि शाह अली रात्री निघाले. पूर्वेच्या बाजूला मोर्चा नाही अशी हेरांची खबर होती. खबर खरी होती, पण त्याच दिवशी मुरादने पाहणी करून ती जागा खानखानानला भरायला लावली होती. एका दिवसाने शिळी झालेली बातमी वेढ्यात अशी महाग पडते. अंधारात चकमक झाली. अहंगखान सुमारे चारशे लोकांनिशी कापत किल्ल्यात शिरला; शाह अली मागे फिरला आणि त्याचे शेकडो लोक पाठलागात पडले. मदत आली ती एवढीच. पण अहंगखान आत आला म्हणजे त्याचा गटही बहादूरच्या नावाखाली आला.

सुरुंगाची रात्र

तोफांनी असा तट लवकर पडत नाही, म्हणून मोगलांनी सुरुंग धरले. पद्धत अशी: मोर्च्यांच्या आडोशाने खंदकापर्यंत सरकायचं, तिथून खाली उतरून तटाच्या पायाखाली बोगदा न्यायचा, टोकाला कोठी खोदून तिथे दारू भरायची, वात बाहेर काढायची आणि बोगद्याचं तोंड दगड-चुन्याने बंद करायचं. हे तोंड पक्कं बंद झालं नाही तर स्फोटाचा जोर बोगद्यातून मागे फुटतो आणि तट जागचा हलत नाही. मुरादच्या बाजूने असे पाच सुरुंग तयार झाले, भरले गेले, बंद झाले. दुसऱ्या दिवशी बत्ती द्यायची ठरलं.

त्या रात्री मोगल छावणीतला ख्वाजा मुहम्मदखान शिराझी तटापाशी आला आणि सुरुंग कुठे आहेत ते सांगून गेला. आतल्या शिपायांचं धैर्य पाहून त्याला त्यांची कीव आली, असं सांगतात. कारण काहीही असो, आता किल्ल्यात माहिती होती आणि हातात एक रात्र.

प्रतिसुरुंगाचं काम भयंकर असतं. आतून खाली खणत जायचं, कान लावून पोकळीचा अंदाज घ्यायचा, समोरच्या कोठीला भोक पाडायचं आणि दारू हातांनी उपसून बाहेर काढायची. कुदळीची एक ठिणगी पुरे. बाहेरचा कधीही बत्ती देईल हे माहीत असताना हे करायचं. चांदबीबीच्या आग्रहावरून लोकांनी रात्रभर खणलं. उजाडेपर्यंत दोन सुरुंग रिकामे झाले. तिसरा सगळ्यात मोठा, त्यातली दारू काढणं चालू होतं.

आणि मुरादने बत्ती दिली. खानखानानला न कळवता. यशात वाटेकरी नको होता. तिसरा सुरुंग उडाला. आत खणणारे जागीच गेले, दगड आकाशात उडाले, तट बसला.

खिंडार

इथे क्षणाक्षणाचा हिशोब आहे. तट ढासळतो तेव्हा त्याचा ढिगारा खंदकात पडतो आणि शत्रूला चढायला आयती उतरण तयार होते. धूळ खाली बसायच्या आत हल्ला आला तर आतले सावरत नाहीत. मोगल फौज तयार उभी होती, पण हलली नाही. उरलेले सुरुंग उडण्याची ती वाट पाहत होती. पाच भरले होते, एकच का उडाला? आता पुढे गेलो आणि दुसरा पायाखाली फुटला तर? रात्री रिकामे केलेल्या दोन सुरुंगांनी असं दुहेरी काम केलं. ते उडाले नाहीत, म्हणून तटाचे ते भाग उभे राहिले. आणि ते उडतील या भीतीने शत्रू जागच्या जागी थांबला.

ती सवड चांदबीबीने वापरली. आतले सरदार पळायच्या बेतात असताना ती उघड्यावर आली. तिला पाहिल्यावर थांबण्यावाचून कुणाला गत उरली नाही. राजघराण्यातली बाई खिंडारात उभी असताना पाठ फिरवून पुढे कुठल्या दरबारात तोंड दाखवणार? तिच्या येण्याने माणसं थांबली, आणि माणसं थांबली म्हणून तोफा ओढत खिंडारावर आणता आल्या. खंदकात दारू, बाण आणि पेटतं सामान टाकलं गेलं, त्यामुळे ती आयती उतरण जळती राहिली. मोगलांचे हल्ले सुरू झाले ते अंधार पडेपर्यंत चालले. ते शौर्यात कमी नव्हते. लाटेमागून लाट आली आणि खंदक प्रेतांनी भरत गेला. पण खिंडार अरुंद, समोर तोफा, बाजूंना बुरूज. रात्री मोगल छावणीत परतले. त्या रात्री त्यांच्याच तोंडी तिचं नाव चांद सुलतान झालं.

गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग चांदीची, मग सोन्याची नाणी आणि शेवटी दागिने तोफांतून उडवले, ही कथा सगळ्यांना ठाऊक आहे. ती मागाहून लिहिली गेलेली आहे, आणि सोन्यापर्यंतची चढती भाजणी लोककथेची वाटते. मात्र तांब्याची नाणी तोफेत भरणं दख्खनमध्ये नवं नव्हतं. १५६५च्या तालिकोटच्या लढाईत तिच्या वडिलांच्या तोफखान्याने, रूमीखानाच्या हाताखाली, नाण्यांच्या थैल्या भरून मारा केल्याची नोंद आहे. जवळून चाल करून येणाऱ्या गर्दीवर एका गोळ्यापेक्षा विखुरणारे तुकडे जास्त घातक, हे या घराण्याला माहीत होतं.

खरं कौतुक मला त्यानंतरच्या रात्रीचं वाटतं. लढून थकलेल्या माणसांना झोप हवी असते. ती झोपली नाही आणि तिने कुणाला झोपू दिलं नाही. घोड्यावरून फिरत तिने मशालींच्या उजेडात खिंडार बुजवून घेतलं. दगड, माती, लाकूड, हाताला येईल ते. उजाडलं तेव्हा तिथे सात-आठ फुटांची भिंत उभी होती. फार उंच नव्हे, पण धावत येणाऱ्याला थांबून चढावं लागेल एवढी. हल्ल्याचा वेग त्या उंचीने मोडतो.

तहाची घासाघीस

दरम्यान विजापूरचा सुहेलखान पंचवीस हजार स्वारांनिशी निघाला होता; गोवळकोंड्याचे पाच-सहा हजार मेहदी कुलीबरोबर होते; मियाँ मंजू आणि इखलासखानही त्यांना मिळाले होते. चांदबीबीने त्यांना बीडकडे पत्र पाठवलं की त्वरा करा. पत्र मुरादच्या हाती लागलं. त्याने ते वाचून, 'लवकर या' असं आपलंही पत्र जोडून पुढे पाठवून दिलं. ऐट झाली, पण पोटात भीती होती. छावणीत दाणा-वैरण आटली होती आणि मागून ताजी फौज येत होती.

तहाचं बोलणं मोगलांनी काढलं: वऱ्हाड द्या, आम्ही उठतो. चांदबीबी लगेच हो म्हणाली नाही. मदत माणिकदौंडच्या घाटापर्यंत येत होती. आणखी काही दिवस दम धरला तर काहीच द्यावं लागणार नाही, असं म्हणणारे आत असणारच. मग तिने का मान्य केलं?

वऱ्हाड निजामशाहीचा मूळ मुलूख नव्हता. इमादशाही बुडवून तो १५७४मध्ये जोडलेला, म्हणजे हातात येऊन बावीस वर्षं झालेली. गादीवर बाळ, तिजोरी रिकामी आणि सरदार दुभंगलेले असताना इतका लांबचा प्रांत धरून ठेवायची ताकद राहिलीच नव्हती. उलट पक्षी, बुजवलेलं खिंडार मातीचं होतं आणि दारूगोळा संपत आला होता. आणि मदतीला येणारी फौज नेमकी कोणाची? तिच्यात मियाँ मंजू होता, बरोबर त्याचा अहमद होता. ती फौज जिंकून आत आली असती तर उपकाराच्या मोबदल्यात काय मागितलं असतं, हे तिला पत्रं न वाचताही समजत होतं. मोगलांनी बहादूरला मान्यता दिली आणि वेढा उठवला. फेब्रुवारी-मार्च १५९६मध्ये मुराद वऱ्हाडाकडे गेला.

तिची शंका रास्त होती. तिसऱ्या दिवशी दख्खनी फौज पोचली आणि मियाँ मंजूने अहमदचा दावा पुन्हा मांडला. अहंगखानाने दरवाजे लावून घेतले. विजापूरच्या इब्राहिमने चार हजार लोक देऊन मुस्तफाखानाला पाठवलं, मियाँ मंजूला आपल्याकडे बोलावून घेतलं आणि तंटा मिटवला. चावंडवरून बहादूरला आणून गादीवर बसवलं. विजापूर शत्रू असताना त्याला घातलेली हाक इथे कामाला आली.

जिथे धागा तुटला

तहात वऱ्हाडची सीमा नीट आखली गेली नाही. मोगलांनी पाथरीसारखी ठाणीही वऱ्हाडात धरून बळकावली. १५९७च्या सुरुवातीला सोनपेठजवळ गोदावरीकाठी सुहेलखान आणि खानखानान यांची मोठी लढाई झाली. राजा अलीखान तिथेच पडला, दख्खनी फौज मोडली. इकडे पेशवा, म्हणजे मुख्य प्रधान, केलेला मुहम्मदखान, ज्याच्या हातून अन्सारखान मारला गेला होता, तो स्वतःच सत्ता गिळायला लागला. त्याला काढून आणलेला अहंगखानही पुढे तिच्यावर उलटला. माणसं निवडण्यात ती दोनदा फसली, हे नोंदवायला हवं. पण निवडायला होतं कोण, हेही.

१६००मध्ये मोगल पुन्हा आले. मुराद आधीच्या वर्षी वारला होता. आता शहाजादा दानियाल होता, बरोबर खानखानान, आणि मागे बुऱ्हाणपुरात खुद्द अकबर. बाहेरून मदत येणार नव्हती. चांदबीबीने पुन्हा तोच हिशोब मांडला: किल्ला द्यावा, बदल्यात बहादूरला घेऊन सुखरूप जुन्नरला जावं. गादी वाचली तर राज्य वाचेल. तिने हे हमीदखान नावाच्या खोजाशी बोलून दाखवलं. तो रस्त्यावर धावत सुटला आणि ओरडू लागला की चांदबीबी मोगलांना फितूर झाली. जमाव महालात घुसला आणि त्यांनी तिला ठार केलं.

चार वर्षांपूर्वीही तिने मुलूख देऊन तह केला होता, पण तो खिंडार लढवल्यानंतर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. या वेळी लढाई व्हायच्या आत बंद दाराआड झालेली गोष्ट बाहेर फुटली आणि फितुरी ठरली.

ऑगस्ट १६००मध्ये मोगलांनी सुरुंग लावून तट फोडला. किल्ला पडला, बहादूर पकडला गेला आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर कैदेत गेला. शाह अलीच्या मुलाला, मुर्तझाला, गादीवर बसवून मलिक अंबरने निजामशाही पुन्हा उभी केली ती परांड्यातून, आणि काही वर्षांनी राजधानी जुन्नरला नेली.